नऊ पेपर, एच-इंडेक्स चार : माझं काम वाया गेलं का?

पत्र थोडक्यात : मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात बालरोग विभागात असोसिएट प्रोफेसर असलेल्या एका डॉक्टरांचं पत्र आहे. वय ४३. पंधरा वर्षांत नऊ पेपर, सगळे मिळून ४७ साइटेशन (दुसऱ्या संशोधकांनी आपल्या पेपरात दिलेले दाखले), एच-इंडेक्स ४. त्यातले दोन पेपर त्यांच्याच एनआयसीयूमधल्या, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातल्या, बाळांच्या सेप्सिसवर (रक्तात पसरणाऱ्या इन्फेक्शनवर) आहेत, कुठले जंतू सापडतात, कुठलं अँटिबायोटिक चालतं, कुठलं चालत नाही. त्या कामावरून त्यांच्या युनिटने अँटिबायोटिक पॉलिसी बदलली. त्यांच्याच बॅचच्या एका सहकाऱ्याचे १२० पेपर आहेत, एच-इंडेक्स १९, कॉलेजच्या गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. मागच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे एच-इंडेक्स नावासकट स्क्रीनवर दाखवले गेले. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक एजंट आला, स्कोपस या पेपर आणि साइटेशनच्या डेटाबेसमधल्या जर्नलात दुसऱ्या नंबरचे लेखक म्हणून नाव, तीस हजार रुपये, दोन महिन्यांत काम. नवरा म्हणतो सगळेच करतात. प्रमोशनही अडलेलं आहे. प्रत्येक पेपरवर एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, नाव टाकावं लागतं ते वेगळंच. डॉक्टर विचारतात, 'माझं काम कोणी वाचलंच नाही का? पैसे देऊन टाकू का? की हे आकडे सगळे खोटेच असतात म्हणून संशोधन सोडून फक्त पेशंट बघू?'

नमस्कार डॉक्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर अडकले, ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, की एमडीच्या वेळचे तीन पेपर माहेरच्या आडनावाने आहेत. त्यावर मी पुढे येतेच, पण तेवढं लक्षात ठेवा, कारण रोज रात्री जो आकडा बघून तुम्ही झोपता तो आकडाच मला बरोबर वाटत नाहीये.

आधी तो आकडा नक्की काय सांगतो ते बघू. एच-इंडेक्स काढला हिर्श नावाच्या एका फिजिक्सच्या प्राध्यापकाने, २००५ साली, आणि तोही फिजिक्सवाल्यांची तुलना करायला. तुमचा चार आहे म्हणजे तुमच्या चार पेपर्सना प्रत्येकी किमान चार साइटेशन आहेत, बस, याच्यापुढे तो काही सांगत नाही. उद्या त्या चारातल्या एकाला पाचशे साइटेशन मिळाले आणि बाकीचे आहेत तिथेच राहिले तरी तुमचा एच-इंडेक्स चारच. ज्याचे आयुष्यात पाचच पेपर आहेत त्याचा पाचाच्या वर जाऊच शकत नाही, मग ते पाच कितीही मोठे का असेनात. आणि हा आकडा नुसत्या वयाबरोबर सुद्धा वाढत जातो, माणूस रिटायर होऊन घरी बसला तरी वाढतो. त्यामुळे नऊ पेपरवाली आणि १२० पेपरवाला यांना या एका आकड्यावर शेजारी शेजारी उभं करणं म्हणजे कोणी किती छापलं हेच फिरून मोजणं झालं. मीटिंगमध्ये नावासकट ते दाखवलं हे मला अजिबात पटलेलं नाही आणि तुम्हाला लाज वाटली असेल तर ती तुमची लाज नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर तर माणसाचा नसतोच, जर्नलचा असतो. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना यावर्षी सरासरी किती साइटेशन मिळाले, एवढा साधा भागाकार. तो चालू करणारे युजीन गारफिल्ड. आणि याच गारफिल्डनी १९८६ साली कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांच्यावर मोठा लेख लिहिला होता, ती गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. डे यांनी १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटासा पेपर छापला, की कॉलऱ्याचे जंतू गाळून काढून टाकले आणि फक्त उरलेलं पाणी सशाच्या आतड्यात सोडलं तरी आतडं पाण्याने भरतं, म्हणजे जंतू नाही तर त्याने सोडलेलं विष हा आजार घडवतं. आज एमबीबीएसचं पोर हे झोपेत सांगतं. पण तेव्हा बरीच वर्षं त्याकडे फारसं कोणी बघितलं नाही, आपल्या देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना हयातीत फेलो केलं नाही, आणि १९८५ मध्ये ते गेले. साइटेशन मोजण्याचं शास्त्र ज्याने उभं केलं त्याच माणसाला हे लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणजे बघा. मी असं म्हणत नाहीये की तुमचा पेपर डे यांच्या पेपरसारखा आहे. म्हणणं एवढंच की एका पेपरला दहा वर्षांत अकरा साइटेशन मिळाले यावरून 'कोणी वाचलंच नाही' हा निकाल लावता येत नाही.

आता दुसरी गोष्ट, साइट कोण करतं? पेपर लिहिणारेच करतात ना. ज्या विषयात जगभर हजारो लोक पेपर लिहितायत तिथे साइटेशनचा पाऊस पडतो, जिथे मोजकेच लोक लिहितात तिथे शिंतोडे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर घ्या. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसं बघत बघत त्यांनी नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध त्यावर वापरलं, ते १९८०च्या दशकात 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापलं, आणि २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये अँटिव्हेनम (विषावरचं औषध) आणि प्राझोसिनची ट्रायल छापली. विंचूदंशावर काम करणारे जगात असून असून किती असणार! आणि ज्याला विंचू चावतो तो शेतातला माणूस, तो कुठला पेपर लिहितोय. त्यामुळे गरिबांच्या आजारावर काम करणाऱ्यांनी आपल्या साइटेशनची तुलना कॅन्सर जेनेटिक्सवाल्यांशी करूच नये. तुमचं कामही असंच आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलमधल्या बाळांच्या सेप्सिसचा अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला तेव्हा त्याची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती, पण दिल्लीचे जंतू म्हणजे तुमच्या युनिटचे जंतू नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. तुमच्या भागातला डेटा छापणारे फार कमी आहेत आणि म्हणूनच तो लागतो.

पण थांबा. म्हणून 'आकडे सगळे खोटेच' हेही मी मान्य करणार नाही, पत्रात तुम्ही दोन्ही टोकांना जाऊन आलाय. साइटेशन म्हणजे कुणीतरी कुठेतरी तुमचा पेपर हातात घेऊन पुढचं पाऊल टाकलं याची खूण असते, आणि त्या खुणा कमी असतील तर एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायलाच हवा, की ज्याला माझा पेपर हवाय त्याला तो सापडतो का? तुमचं पत्र वाचून मला वाटतं की उत्तर नाही असं आहे, आणि ही गोष्ट दुरुस्त होण्यासारखी आहे.

तर आता ते माहेरचं आडनाव. स्कोपस आणि गुगल स्कॉलर ही मशीनं, त्यांना लग्न कळत नाही. आपल्याकडे तर नावाचा घोळ विचारूच नका, कधी आधी वडिलांचं नाव मग नवऱ्याचं, कधी आडनाव आधी कधी नंतर, कधी नुसती इनिशियल्स, आणि 'पाटील एस' किंवा 'जाधव एम' नावाचे लेखक शेकड्याने. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांची प्रोफाइल अशी दोन दोन तीन तीन तुकड्यांत पडलेली आहेत, पुरुषांना आडनाव बदलण्याचा हा त्रास जवळपास नसतोच, आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. तर ऑर्किडचा (ORCID) नंबर काढा, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, सोळा आकडी असतो, फुकट असतो, दहा मिनिटांचं काम. त्यात दोन्ही आडनावं टाका आणि सगळे पेपर जोडा. मग स्कोपसमध्ये स्वतःच्या नावाने किती प्रोफाइल दिसतात ते शोधा आणि ती एकत्र करायची रिक्वेस्ट टाका, त्यालाही पैसे पडत नाहीत. गुगल स्कॉलरमध्ये जुने पेपर हाताने जोडता येतात, आणि दुसऱ्याच कुणाचे चुकून तुमच्यात आले असतील तर ते काढून टाका, तेही तितकंच महत्त्वाचं. आणि एक, गुगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तिघांचे आकडे कधीच जुळत नाहीत कारण तिघं वेगवेगळ्या ठिकाणचं मोजतात, त्यामुळे कुठेही आकडा लिहाल तेव्हा कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला ते लिहायची सवय लावा. सहकाऱ्याचा १९ गुगलचा आणि तुमचा ४ स्कोपसचा असेल तर ती तुलना तिथेच संपली.

मग पेपरच्या नावाकडे या. तुमच्या सेप्सिसच्या पेपरचं शीर्षक तुम्ही कळवलंय, त्यात ना गावाचं नाव, ना नवजात हा शब्द, ना जंतूचं नाव, नुसतं 'प्रोफाइल' आणि 'टर्शरी केअर सेंटर'. असे हजारो पेपर आहेत हो. जो माणूस सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करतोय, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे पेपर गोळा करून तपासतोय, तो शब्द टाकून शोधतो, त्याला महाराष्ट्र हवा असतो, नवजात हवं असतं, क्लेबसिएला हा जंतू हवा असतो. आणि समजा सापडला, तरी किती बाळं अ‍ॅडमिट झाली, त्यातल्या किती जणांचं ब्लड कल्चर केलं, किती पॉझिटिव्ह आले, बाळ तिथेच जन्मलेलं की बाहेरून आलेलं, हे आकडे पेपरमध्ये नसतील तर तो पेपर त्यांच्या गणितात घेताच येत नाही, बाजूला टाकतात. नवजात बाळांच्या इन्फेक्शनचे अभ्यास कसे लिहावेत याची स्ट्रोब-एनआय नावाची चेकलिस्ट २०१६ पासून आहे, पुढचा पेपर लिहायला बसण्याआधी ती समोर ठेवा. खरं तर डेटा गोळा करायलाच ती समोर ठेवून बसा, लिहिताना फार उशीर झालेला असतो.

आणि मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं सांगू का, पॉलिसी बदलली हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय! पहिल्याच दिवशी मेरोपेनेम हे राखून ठेवायचं तगडं अँटिबायोटिक चालू करायची पद्धत बंद केली असं लिहिता आणि पुढच्या वाक्यात साइटेशनबद्दल रडता. अहो, आधी किती बाळांना ते पहिल्या दिवशी मिळत होतं आणि आता किती, त्या काळात मृत्यू वाढले का, बाळं किती दिवस राहिली, हे तुमच्या रजिस्टरमध्ये आहे ना? मग तो पेपर आहे, आणि माझ्या मते तुमच्या नऊही पेपर्सपेक्षा मोठा. अशा सुधारणेच्या कामासाठी स्क्वायर नावाचे वेगळे नियम आहेत, त्याप्रमाणे लिहा. गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्याचं काम आठवा, ३९ गावांत घरी जाऊन बाळांची काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि पुढे २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघर जाऊन बाळं बघायला लागल्या. आशाताईने बाळाचं वजन केलं ते कुठल्या साइटेशनमध्ये येतं? पण त्यांनी बदल मोजला आणि लिहिला म्हणून ते पुढे गेलं. मोजलंच नसतं तर गडचिरोलीतच राहिलं असतं.

आता तो एजंट. नाही म्हणा. उत्तरसुद्धा देऊ नका, ब्लॉक करा. 'सगळेच करतात' हे तुमच्या मिस्टरांचं वाक्य काळजीपोटी आलंय हे मला कळतं, तुमचं प्रमोशन अडलेलं ते बघतायत, पण त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, हे पकडलं जातं. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांपेक्षा जास्त पेपर मागे घेतले गेले, त्यात एकाच प्रकाशकाचे आठ हजारांच्या आसपास, आणि बरेचसे असल्याच विकाऊ पेपरच्या कारखान्यांमधले. मागे घेतलेला पेपर गायब होत नाही, तुमच्या नावावर शिक्का मारून कायम दिसत राहतो, जगातला कुणीही शोधू शकतो. शिवाय जर्नल यादीत आहे म्हणजे चांगलं असंही नाही, यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतलेच हजारभर जर्नल्स आपल्या पुणे विद्यापीठातल्या लोकांनी तपासून २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये दाखवलं होतं की त्यातले ८८ टक्के साध्या कसोट्यांवरही टिकत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या पेपरवर तुमचं नाव येणार तो कशावर आहे हे एजंटने सांगितलंय का तुम्हाला? समजा त्यात कुठल्या औषधाच्या डोसबद्दल बनवलेले आकडे असतील, आणि रात्री दोन वाजता एखाद्या तालुक्याच्या हॉस्पिटलमध्ये एकटा ड्युटीवर असलेला पोरगा गुगल करून तेच वाचत असेल, तर? तुम्ही ज्या विषयात आहात तिथे दीड किलोचं बाळ असतं समोर.

एचओडींचं नाव हा प्रश्न अवघड आहे, आणि 'स्पष्ट नाही म्हणा' असा सल्ला मी इथे बसून देणार नाही, तुम्हाला त्याच विभागात रोज उठून जायचंय. जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत, कामात खरा वाटा असावा, लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग असावा, शेवटचा मसुदा मंजूर केलेला असावा, आणि पेपरमधल्या चुकीची जबाबदारी घ्यायची तयारी असावी. चारही लागतात, एक दोन नाही. तुम्ही हे करून बघा, पुढचं काम सुरू होतानाच, एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी, एका कागदावर कोण काय करणार आणि नावाचा क्रम काय ते लिहा आणि सरांकडे घेऊन जा, सर तुम्ही यातलं काय बघाल असं आदराने विचारा. काही सर खरंच काहीतरी उचलतात, मग नाव रास्तच आहे. काही जण म्हणतात मला आभारात टाक. आणि काही जण तरीही नाव टाकायला लावतात, तेव्हा निदान तुमचा क्रम तरी कागदावर पक्का झालेला असतो.

क्रम का म्हणते, तर नियमासाठी. एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, २०२२ च्या शिक्षक पात्रता नियमांत प्रमोशनला बोटांवर मोजता येतील इतकेच पेपर मागितले होते, पण पहिल्या तीन लेखकांत नाव हवं होतं किंवा कॉरस्पॉन्डिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) म्हणून हवं होतं, आणि ओरिजिनल, मेटा अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू किंवा केस सिरीजच चालत होती, एकट्या पेशंटचा केस रिपोर्ट नाही. जर्नल मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, एम्बेस, डीओएजे अशा ठरलेल्या यादीत हवं होतं. एच-इंडेक्सचा त्यात उल्लेख नव्हता, साइटेशनचा नव्हता. नियम मधे मधे बदलतात, म्हणून तुमच्या अर्जाच्या तारखेला लागू असलेलं नोटिफिकेशन स्वतः डाउनलोड करून वाचा, ऑफिसमधल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, आणि मग नऊ पेपर एकेक करून त्याला लावून बघा. तुमच्या यादीवरून मला तरी वाटतंय की तुम्हाला फार तर एखादा कमी पडतोय. त्या एकासाठी तीस हजार?

चांगल्या जर्नलला पैसे लागतातच असंही नाही. केईएममधून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन आहे, आयसीएमआरचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च आहे, बालरोगवाल्यांचं इंडियन पेडियाट्रिक्स आहे, फी आहे की नाही ते पाठवण्याआधी त्यांच्याच साइटवर बघून घ्या. परत येईल पेपर, दोनदा येईल, रिव्ह्यूअरने टोचून लिहिलेलंही असेल, पण त्या टोचण्यातून पेपर सुधारतो. पोटातल्या अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शलचा सारांश १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेने नाकारला होता, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वाचायला जर्नल मिळत नाही ही तुमची अडचणही आता कमी व्हायला हवी, २०२५ पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत सरकारी संस्थांना तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स मिळू लागली आहेत, तुमच्या लायब्ररीयनना लॉगिनचं विचारा.

सहकाऱ्याबद्दल मात्र थोडं जपून बोला. १२० मधले काही खरेच मोठ्या मल्टिसेंटर, म्हणजे अनेक हॉस्पिटलांनी मिळून केलेल्या, अभ्यासातले असू शकतात, त्यात खूप कष्ट असतात, तुम्ही ते वाचलेले नाहीत आणि मीही नाही. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांच्या आकड्याला आव्हान देण्यापेक्षा डीनकडे एक पान घेऊन जा, माझी तीन कामं आणि प्रत्येकामुळे वॉर्डात काय बदललं. नुसत्या जर्नलच्या आकड्यावरून माणसाचं मूल्यमापन करू नका असं सांगणारा डोरा नावाचा जाहीरनामा २०१३ पासून आहे, जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सही केली आहे, त्यात काय म्हटलंय तेही त्या पानावर दोन ओळीत लिहा. डीन लोक एवढे बंद डोक्याचे नसतात, बऱ्याचदा त्यांना रँकिंगच्या फॉर्मसाठी आकडा हवा असतो आणि दुसरं काही कुणी आणूनच देत नाही.

शेवटचं, आणि हे माझ्या स्वतःच्या आयुष्यातलं आहे. मी पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचा विषय, शिकवायचे. माझ्या हाताखाली एका मुलीने सर्पदंशावर थीसिस केला होता, तीनशेच्या वर पेशंट, कोण किती तासांनी पोचलं, मधे कुठे थांबलं, मांत्रिकाकडे किती वेळ गेला, सगळं. छापू म्हणाली तर मी म्हटलं आपल्या जिल्ह्याचं कोण वाचणार. थीसिस कपाटात गेला. काही वर्षांनी मी एका बैठकीत बसले होते, अँटिव्हेनम कुठल्या केंद्रांवर ठेवायचं ते ठरत होतं, आणि आमच्या जिल्ह्याचा छापील आकडा कुणाकडेच नव्हता. माझ्याकडे होता, पण छापलेला नव्हता. अंदाजाने यादी झाली, ती मी ऐकत बसले. अजून ते मनातून जात नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पीजींचे सहा थीसिस लायब्ररीत पडून आहेत. ते या रविवारी बाहेर काढा. सगळे छापण्यासारखे नसतील, पण एक दोन नक्की असतील, डेटा जुना झाला असेल तरी वर्षं स्पष्ट लिहून छापता येतो. एथिक्सचं पत्र थीसिसमागे जोडलेलं आहे का बघा. मग त्या रेसिडेंटला फोन करा, ती आता कुठे तरी प्रॅक्टिसमध्ये असेल, तिला विचारा लिहायचं का आपण, आणि लिहाल तेव्हा तिचं नाव पहिलं ठेवा, तुमचं शेवटी आणि कॉरस्पॉन्डिंग. नियमातही बसतं ते. आणि तिचं लग्न झालं असेल तर कुठल्या आडनावाने छापायचं ते तिलाच आधी विचारून घ्या.